सैनिक रक्तात नसतो, सेंटरमध्ये घडतो

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा. पण अर्धवट वाचून कमेंट करू नका, एवढीच विनंती.

आमच्या गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर पहाटे साडेचारला भरतीची पोरं पळतात. सोळाशे मीटर, मग बीम, मग नऊ फुटी खड्ड्यावरून उडी. गेली कित्येक वर्षं हे चालू आहे, फक्त पोरं बदलतात. त्यातला एक पोरगा ओळखीचा आहे. घरी पिढीजात केस कापायचा धंदा, बापाचं एस.टी. स्टँडजवळ दुकान. पोरगा पळायला वाऱ्यासारखा आहे. त्यानं मागच्या आठवड्यात फेसबुकवर स्वतःचा धावतानाचा व्हिडिओ टाकला. खाली गावातल्याच एकानं लिहिलं, "फौज रक्तात असावी लागते भावा. तुझं काम वस्तऱ्याचं." त्यावर हसणाऱ्या इमोजी चाळीस. विरोधात एकही कमेंट नाही. पोरानं व्हिडिओ काढून टाकला.

दोन दिवस डोक्यातून गेलं नाही, म्हणून हे लिहितोय. कारण ही कमेंट एकट्या माणसाची नाही. "आमची जात लढवय्यी", "आमच्या रक्तातच तलवार", "देशासाठी मरावं तर आम्हीच" या छापाच्या पोस्टी रोज फिरतात. प्रत्येक जातीची वेगळी पोस्ट, मजकूर तोच. मला या सगळ्यांना एकच गोष्ट विचारायची आहे. सैनिक जर रक्तातून येतो, तर बेळगावचं सेंटर कशासाठी आहे?

माझे मामा त्या सेंटरमध्ये काही वर्षं उस्ताद होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, रंगरूटांना शिकवणाऱ्याला पलटणीत उस्ताद म्हणतात. मामा सांगायचे, "पहिल्या दिवशी शंभर पोरं उभी केली की शंभर चाली दिसतात. कोण बैलामागं चालल्यासारखा, कोण डोक्यावर पाटी असल्यासारखा. कसम परेडच्या दिवशी शंभरांची एक चाल असते. मधे जे होतं ते आम्ही करतो." मधे काय होतं? पहाटेची पीटी, ड्रिल, रगडा, रायफल उघडणं-जोडणं, फायरिंग रेंज, नकाशा वाचन, रात्रीचं चालणं, पायाला आलेले फोड, घरच्या आठवणीनं उशीत तोंड खुपसून रडणं, आणि पुन्हा पहाटेची पीटी. मामांनी कधी कुणाच्या रक्ताचा उल्लेख केलेला मला आठवत नाही. बुटाचा मात्र रोज करायचे.

आता थोडा इतिहास बघू. कारण रक्ताची गोष्ट सांगणारे सगळे इतिहासाचाच दाखला देतात.

मराठा लाइट इन्फंट्रीची सगळ्यात जुनी पलटण म्हणजे जंगी पलटण, 1768 सालची. ती उभी केली ईस्ट इंडिया कंपनीनं, मुंबईच्या शिपायांची पलटण म्हणून. कंपनीच्या त्या मुंबई फौजेत कोण होतं? मराठे होते, महार होते, मुसलमान होते, उत्तरेकडून आलेले परदेशी होते. आणि कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे आपले शनिवार तेली, तेसुद्धा होते. तेलाचे घाणे चालवणारा हा लहानसा समाज. त्यांच्यातले कितीतरी जण सुभेदारपदापर्यंत चढले. कुठल्याही "लढवय्या" यादीत तुम्हाला त्यांचं नाव सापडणार नाही. पण कवायत शिकवली, बंदूक दिली, आणि त्यांनी नोकरी चोख केली.

1818 च्या 1 जानेवारीला कोरेगावला कंपनीची जी तुकडी लढली, तिच्या जयस्तंभावर मेलेल्यांची नावं आहेत. त्यात 'नाक' शेवटाची, म्हणजे महार शिपायांची, बावीस नावं आहेत. त्या स्तंभावरून आज जो धुरळा उडतो त्यात मला पडायचं नाही. मुद्दा एवढाच की कंपनीला तेव्हा महार शिपाई लढाऊ वाटत होता. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं वाटत होता.

मग काय बिघडलं?

1857 झालं. बंडात आघाडीला होते बंगाल फौजेतले अवध-बिहारकडचे ब्राह्मण आणि राजपूत शिपाई. ज्यांच्या जिवावर कंपनीनं निम्मा हिंदुस्थान जिंकला, तेच हे शिपाई. बंड मोडल्यावर इंग्रजानं फौजेची मांडणीच बदलली. पंजाब, सरहद्द आणि नेपाळकडची भरती वाढली. आणि हळूहळू त्याला एक 'शास्त्र' चिकटवलं गेलं: हिंदुस्थानातल्या काही जाती जन्मतः लढाऊ, बाकीच्या नाहीत. यालाच 'मार्शल रेस' म्हणजे लढाऊ जातींचा सिद्धांत म्हणतात. त्याचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता होता लॉर्ड रॉबर्ट्स, 1885 ते 1893 हिंदुस्थानचा सरसेनापती.

आता नीट ऐका. या रॉबर्ट्सच्या यादीत वरचा नंबर कुणाचा होता? गुरखा, शीख, पठाण, डोग्रा यांचा. मद्रास आणि मुंबईची फौज त्याला नको होती. उष्ण, सपाट मुलखातला, दीर्घ शांततेत वाढलेला माणूस मऊ पडतो, असं त्याचं गणित. म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर आज आपण छाती फुगवतो, त्या कागदावर मराठ्यांचंही नाव खाली ढकललेलं होतं! ज्यांच्या घोड्यांनी अटकेपर्यंत मजल मारली, त्यांना इंग्रजानं शंभर वर्षांत "मऊ पडलेले" ठरवलं. रक्त तेच होतं ना? मग रक्तानं साक्ष का नाही दिली?

आणि महारांचं काय झालं? 1892-93 च्या सुमारास त्यांची भरतीच बंद झाली. एका हुकमानं. कोरेगाव लढलेल्यांचे नातू-पणतू एका सकाळी 'लढाऊ नसलेले' झाले.

इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. पलटण बंद होणं म्हणजे फक्त पगार बंद होणं नव्हे. पलटणीत शाळा होती. शिपायांना आणि त्यांच्या लेकरांना तिथं अक्षर शिकायला मिळत होतं, ज्या काळात गावच्या शाळेच्या ओसरीवरसुद्धा त्यांना उभं केलं जात नव्हतं. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे महूच्या लष्करी शाळेत शिकवत होते. बाबासाहेबांचा जन्म 1891 चा, त्याच महूच्या छावणीतला. त्या घरात पुस्तकं होती, कारण त्या घरात पलटण होती. भरती बंद झाली तेव्हा हा दरवाजाही बंद झाला.

म्हणून तर माणसं तळमळली. गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले, त्यांनी 1894 साली सरकारकडे अर्ज केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी 1910 साली पुण्यातून थेट भारतमंत्र्यांपर्यंत दाद मागितली. मागणी साधी होती, आम्हाला पुन्हा फौजेत घ्या. आणि बघा, वलंगकरांना त्या अर्जात आपण मूळचे क्षत्रिय आहोत असं मांडावं लागलं. साहेबाला रक्ताचीच भाषा कळत होती. पलटणीत काढलेली इतक्या वर्षांची नोकरी पुरावा म्हणून पुरेना, त्याला क्षत्रिय कुळाची जोड द्यावी लागली. यापेक्षा मोठी चेष्टा काय असेल?

पुढची गंमत बघा. 1914 ला पहिलं महायुद्ध पेटलं. माणसं कमी पडायला लागली. 1917 साली इंग्रजानं महारांची वेगळी पलटण उभी केली, 111 वी महार. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जे लढाऊ नव्हते, ते एकदम लढाऊ झाले. युद्ध संपलं. 1921 साली पलटण मोडली. पुन्हा लढाऊ नाहीत. 1939 ला दुसरं महायुद्ध. बाबासाहेबांनी सरकारकडे हा प्रश्न लावून धरला होताच. 1941 च्या 1 ऑक्टोबरला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. परत लढाऊ झाले.

उत्तरेत बघा, तिथंही हेच. मजहबी शिखांच्या पायोनियर पलटणी 1930 च्या दशकात मोडल्या, 1941 साली त्याच समाजातून नवी पलटण उभी केली, तीच आजची सिख लाइट इन्फंट्री. चमार रेजिमेंट 1943 ला उभी केली, 1946 ला मोडली. मद्रासच्या पलटणी युद्धानंतर मोडीत काढल्या, पुढच्या युद्धात पुन्हा उभ्या केल्या. 1939 साली हिंदी फौज होती सुमारे 2 लाखांची, युद्ध संपेपर्यंत गेली 25 लाखांच्या घरात. एवढी माणसं फक्त 'लढाऊ' जातींतून येणं शक्यच नव्हतं. गरज पडली की रक्त बदलतं, गरज संपली की परत पूर्वीसारखं होतं. असलं रक्त मी तरी कुठल्या लॅबमध्ये बघितलं नाही.

आता सेंटरच्या गोष्टीकडे येतो.

पहिल्या महायुद्धापर्यंत साधारण प्रत्येक पलटण आपापले रंगरूट आपणच भरती करायची आणि आपल्याच डेपोत तयार करायची. मोठ्या युद्धात ही पद्धत कोलमडली. आघाडीवर शेकड्यांनी माणसं पडत होती आणि मागून येणारी भर एकसारखी शिकलेली नव्हती. आपल्या मराठा पलटणींचं उदाहरण घ्या. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या तीन पलटणी अडकल्या. उपाशी राहून, घोड्याचं मांस खायची वेळ येऊन शेवटी एप्रिल 1916 मध्ये टाउनशेंडच्या सगळ्या फौजेला शरण जावं लागलं. त्या पलटणी गेल्या म्हणजे त्यांचं शिकवून तयार झालेलं सगळं मनुष्यबळ गेलं. पुन्हा शून्यातून उभं करावं लागलं. आणि तरीही उभं राहिलं! 1918 च्या ऑक्टोबरात शरकतला 114 व्या मराठा पलटणीनं जी झुंज दिली ती रेजिमेंट आजही मिरवते. मेसोपोटेमियातून मराठ्यांचं नाव असं झालं की साहेबाला त्याची यादी गपचूप दुरुस्त करावी लागली. "मऊ पडलेले" पुन्हा "कडक" झाले.

या सगळ्यातून 1922 च्या सुमारास नवी रचना आली. सुट्या पलटणी एकत्र करून मोठ्या रेजिमेंटी केल्या. सहा मराठा पलटणी मिळून 5 वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. आणि प्रत्येक रेजिमेंटला एक ट्रेनिंग बटालियन दिली, नंबर 10. लढायला जायचं नाही, फक्त माणसं घडवायची. मराठ्यांची ही दहावी बटालियन कोणती होती माहितेय? शरकतला लढलेली तीच 114 वी. तिचं ठाणं बेळगाव. आजच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरची ही पाळंमुळं.

जरा विचार करा. नाव कमावलेली पलटण घेतली आणि तिला शाळा बनवली. रक्तावर एवढा विश्वास होता तर हा खटाटोप कशाला? कारण फौज चालवणाऱ्यांना आतून पक्कं ठाऊक होतं, जातीच्या गोष्टी भरतीच्या कागदावर ठीक आहेत, लढाई मात्र शिकवावी लागते.

याच बेळगावच्या मुशीतून आलेल्या रेजिमेंटनं दुसऱ्या महायुद्धात इटलीत दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. जुलै 1944 मध्ये सोबतचे पडल्यावर एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, तिथंच पडले. शिपाई नामदेव जाधव, संगमनेर तालुक्यातल्या निमजचे. एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना खांद्यावर घेऊन आणलं आणि पुन्हा जाऊन शत्रूची ठाणी गप्प केली. दोघंही शेतकऱ्यांची पोरं.

आणि महार रेजिमेंटची 1941 ची पहिली पलटण कुठं उभी राहिली? बेळगावलाच! ज्या गावात मराठ्यांचे रंगरूट घडत होते, त्याच गावात. वीस वर्षं पलटण नव्हती, घरात कुणाच्या हातात बंदूक नव्हती. बाप गिरणीत, नाहीतर गावकीत राबणारा. त्या पोरांना शिकवलं आणि पाच वर्षांत, 1946 साली, रेजिमेंटला मशीनगन रेजिमेंट केलं. मशीनगन म्हणजे गणित आहे, अंतर, कोन, मारा. ते कुणाच्या नसानसांतून येत नाही. लगेच फाळणीत पंजाबच्या सरहद्दीवर, मग काश्मिरात या पलटणींनी काम केलं.

पुढचं तर याहून बोलकं आहे. महार रेजिमेंटला परमवीर चक्र मिळवून देणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन, 8 महार, 1987, श्रीलंका. मुंबईत जन्मलेला तमिळ माणूस. या रेजिमेंटनं देशाला दोन लष्करप्रमुख दिले, जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी. एक तेलुगू, एक तमिळ. मराठा लाइट इन्फंट्रीचे जनरल जे. जे. सिंग 2005 ला लष्करप्रमुख झाले, ते शीख. "बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही त्यांचीही युद्धघोषणा. महाराजांचं नाव घ्यायला कुणाला जातीचा दाखला लागत नाही, हे पलटणीला कळतं. फेसबुकला कळत नाही.

आणि ज्यांना अजून शंका आहे त्यांनी नागपूरजवळ कामठीला जाऊन यावं. तिथं ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर आहे. 1949 साली जनरल करिअप्पांच्या काळात मुद्दाम उभी केलेली रेजिमेंट, जात-प्रांत न बघता सगळ्यांसाठी खुली. 1971 च्या युद्धात गंगासागरला परमवीर चक्र मिळवणारा लान्स नाईक अल्बर्ट एक्का याच रेजिमेंटच्या 14 व्या पलटणीचा. आजच्या झारखंडमधल्या गुमला भागातला उराव आदिवासी. बिहार रेजिमेंटमधून आलेला. रॉबर्ट्ससाहेबाच्या यादीत त्याच्या समाजाला जागाच नव्हती.

आता काही जण म्हणतील, मग काय रेजिमेंटी बंद करायच्या? नावं पुसायची? अजिबात नाही. एका भाषेची, एका जेवणाची, एका जयघोषाची माणसं लवकर एकजीव होतात, हे खरं आहे. गावात चुलता फौजेत असला की पोराला वाट दिसते, हेही खरं. साताऱ्याचं अपशिंगे उगाच 'अपशिंगे मिलिटरी' म्हणवत नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण गेले. तिथं घराघरात फौज आहे, कारण घराघरात वाट दाखवणारा आहे. पण याला परंपरा म्हणतात, रक्त नाही. परंपरा शिकवता येते, वाटता येते, दुसऱ्याला देता येते. रक्त म्हटलं की दार बंद.

आणि दार बंद करायची ही सवय आपली नाही, साहेबाची आहे. साहेब गेला, यादी आपण जपून ठेवली.

शेवटचा मुद्दा, आणि तो आजचा आहे. आपण रक्तावर भांडत बसलो आणि ज्यावर भांडायला हवं होतं ते बाजूला राहिलं. जून 2022 मध्ये अग्निपथ आली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्के जणांना पुढं ठेवणार. प्रशिक्षणाचा काळही त्या चार वर्षांतच धरलेला. भरती सर्व देश, सर्व वर्ग या तत्त्वावर होणार असंही सांगितलं गेलं, आणि रेजिमेंटची व्यवस्था हलवणार नाही असा खुलासाही आला. त्यातलं दार सगळ्यांना उघडं ठेवणं मला मान्य आहे, वर सांगितलेला सगळा इतिहास तेच सांगतो. पण त्याच इतिहासाची दुसरी बाजू अशी आहे की माणूस घडवायला वेळ लागतो, आणि घडलेला माणूस पलटणीत टिकला तर तो पुढच्याला घडवतो. मामा उस्ताद झाले ते चौदाव्या वर्षी. चार वर्षांत घरी गेलेला पोरगा कुणाचा उस्ताद होणार? चारांतले तीन घरी पाठवायचे तर पुढच्या पंधरा वर्षांनी बेळगावच्या, सागरच्या, कामठीच्या ग्राउंडवर शिकवायला कोण उभं असेल? हा प्रश्न सरकारला विचारा. कुठल्याही पक्षाचे असा, विचारा. रक्तात फौज आहे असं मानणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही, कारण त्याच्या मते शिकवायचं काही नसतंच.

तर त्या कमेंटवाल्या भावाला एवढंच सांगायचंय. तुझ्या पणजोबाला इंग्रजानं एकदा मऊ ठरवलं होतं. त्यानं ते खोटं पाडलं, ते रक्त दाखवून नव्हे, कुतला उपाशी राहून आणि शरकतला लढून. तू मात्र इंग्रजाचीच पट्टी घेऊन शेजारच्या पोराचं रक्त मोजायला निघालास.

आणि त्या पोरासाठी. बाळा, व्हिडिओ परत टाक. वस्तरा धरणारा हात थरथरत नाही, हे रेंजवर कामाला येतं. बाकीचं उस्ताद बघून घेतील.

पटलं तर त्या चाळीस इमोजीवाल्यांपर्यंत पोचवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण साल आणि पलटण सांगून भांडा. रक्ताचे रिपोर्ट इथं चालणार नाहीत.